'पेल रायडर': प्रीचरचं रिव्हॉल्व्हर, लाहूडचं पाणी, आणि तो माणूस की भूत?

मुक्काम_पोस्ट

फिल्म क्लबात 'पेल रायडर' (१९८५, दिग्दर्शक आणि नायक क्लिंट ईस्टवुड) दाखवायचा आहे. आधी वीस मिनिटं बोलायचं आहे. 'अनोळखी घोडेस्वार येतो, दुबळ्यांच्या बाजूने उभा राहतो आणि निघून जातो' हे सांगण्यात वेळ घालवायचा नाही, ते पडद्यावर दिसणारच आहे. ठोस माहिती हवी आहे. (प्रीचर म्हणजे धर्मोपदेशकाच्या वेशात येणारा तो घोडेस्वार. लाहूड हा कॅलिफोर्नियातला बडा खाणमालक. दुबळे म्हणजे जवळच्या कॅन्यनमध्ये, अरुंद दरीत, सोनं शोधणारे गरीब खाणकरी.)

१. शेवटच्या चकमकीत प्रीचर एकेक काडतूस भरत बसत नाही, रिव्हॉल्व्हरचं अख्खं सिलिंडर काढून दुसरं बसवतो. असं खरंच करता येत असे, की ही पटकथेची सोय आहे?

२. लाहूडच्या खाणीत पाण्याच्या तोफेने डोंगर फोडतात. लाहूडचा मुलगा जॉश ते तंत्र खाणकऱ्यांच्या वस्तीतल्या मेगन या मुलीला समजावून सांगतो, ते बरोबर आहे का? आणि लाहूडला एवढी घाई कसली?

३. लाहूडकडे माणसं आहेत, बंदुका आहेत, गावाला नावसुद्धा त्याचंच आहे. मग एकेका क्लेमला (सोनं शोधायला धरलेल्या जमिनीच्या तुकड्याला) १,००० डॉलर द्यायला तो कबूल का होतो?

४. प्रीचर भूत आहे की माणूस? 'प्रेक्षकांवर सोडलंय' हे उत्तर नको, चित्रपटातला पुरावा हवा.

५. आमच्या प्रोजेक्टरवर घरातले प्रसंग जवळजवळ काळे दिसतात. प्रत खराब आहे का?

---

अर्धाघोडा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

करता येत असे, आणि त्यासाठी नेमकं हेच रिव्हॉल्व्हर लागतं. प्रीचरच्या हातात रेमिंग्टनचं न्यू मॉडेल आर्मी आहे. सगळे त्याला '१८५८ चं रेमिंग्टन' म्हणतात, पण १८५८ हे पेटंटचं साल. ते नळीवर कोरलेलं असतं म्हणून नाव पडलं. हे मॉडेल बनलं ते १८६३ पासून पुढे. मूळ रचनेत काडतूस नव्हतं. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या निपलवर स्फोटक टोपी चढवायची. सहा घरं नीट भरायला काही मिनिटं सहज जातात. म्हणून भरलेलं दुसरं सिलिंडर जवळ ठेवायची कल्पना मुळात चांगली आहे.

ती रेमिंग्टनवर जमते, कारण त्याची चौकट अखंड आहे. सिलिंडरच्या डोक्यावरून लोखंडी पट्टी जाते आणि सिलिंडर एका आडव्या खिळीवर फिरतं. काढायची रीत अशी:

घोडा अर्ध्यावर चढवायचा. (घोडा म्हणजे हॅमर. आपल्याकडे कुणी चापालाही घोडा म्हणतं, तो घोळ इथे नको.) पूर्ण खाली किंवा पूर्ण चढलेला असेल तर सिलिंडर मोकळं फिरत नाही. मग नळीखालची ठासणीची दांडी खाली करायची. ती वर असेपर्यंत खीळ अडकलेली राहते. खीळ पुढे ओढायची, ती पूर्ण बाहेर येत नाही, ठरावीक जागी थांबते, त्यामुळे हरवतही नाही. आता सिलिंडर उजव्या अंगाने बाहेर ढकलायचं. नवं त्याच बाजूने आत सरकवताना किंचित फिरवावं लागतं, नाहीतर सिलिंडर फिरवणारं मागचं बोट आडवं येतं. खीळ मागे, दांडी वर, झालं.

कोल्टच्या त्या काळच्या आर्मी मॉडेलवर हाच उद्योग करायचा तर नळी आणि चौकट जोडणारी पाचर ठोकून काढावी लागते, मग नळीच सुटून हातात येते. गोळीबारात तीन सुटे भाग सांभाळत बसायची ही वेळ नव्हे. प्रीचरला कोल्ट दिलं असतं तर तो प्रसंग हास्यास्पद झाला असता.

चूक कुठे होते ते आता. काळ्या दारूची राख चिकट असते. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून ती सिलिंडरच्या तोंडावर आणि खिळीवर बसते. कोल्टचा अक्ष जाड असून त्यावर वंगण धरणाऱ्या खाचा असतात, रेमिंग्टनची खीळ बारीक आणि गुळगुळीत. त्यामुळे दोन-तीन सिलिंडरं झाली की रेमिंग्टन जड फिरू लागतं आणि खीळही ओढायला कुरकुरते. उपाय एवढाच: खिळीला आधी भरपूर चरबी, आणि सिलिंडर बदलताना त्याचं तोंड पुसून घेणं. चित्रपटात एवढ्या चकमकीत कुणी काही पुसत नाही, आणि धूरही फार कमी आहे. खऱ्या काळ्या दारूचे सहा बार वारा नसलेल्या गल्लीत झाले तर पांढऱ्या धुरात पुढचा माणूस दिसेनासा होतो.

आणखी एक, बोलताना उपयोगी पडेल. भरलेलं सिलिंडर जवळ बाळगणं शक्य असलं तरी ती सर्रास रीत नव्हती. जादा सिलिंडर त्याच रिव्हॉल्व्हरला जुळवून घ्यावं लागे, आणि टोप्या चढवलेलं सिलिंडर दगडावर पडलं तर बार उडण्याची भीती. ज्याला सहापेक्षा जास्त गोळ्या हव्या असत तो सरळ आणखी एक रिव्हॉल्व्हर ठेवी.

---

पितळी_टोपी

अर्धाघोडा यांचं बरोबर आहे, पण एक महत्त्वाची गोष्ट राहिली. प्रीचरचं रेमिंग्टन टोप्यांचं नाही, धातूच्या काडतुसांसाठी बदलून घेतलेलं आहे. म्हणजे सिलिंडर मागून आरपार भोकाचं. मग प्रश्न वेगळा होतो: मागे टेकण असल्याशिवाय काडतुसं सिलिंडरमध्ये राहतील कशी? पुढे ती कडेवर अडतात, मागे काहीच नाही. सिलिंडर हातात उभं धरलं की सहाही खाली. म्हणून सुटं बाळगायचं सिलिंडर मागे झाकण बसणारं हवं, आणि ते झाकण सिलिंडरसोबतच आत-बाहेर यायला हवं. आजच्या प्रतिकृतींसाठी असं झाकणवालं सिलिंडर मिळतं, चौकटीला काही न करता बसतं. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच बदलांमध्ये मात्र मागची चकती रिव्हॉल्व्हरवरच राही, तिथे ही युक्ती चालत नाही.

अशा बदलांचा इतिहासही गमतीचा आहे. आरपार भोकाच्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइटचं, १८५५ चं, आणि त्याचे हक्क स्मिथ अँड वेसनकडे. ते १८६९ मध्ये संपेपर्यंत बाकीच्यांचे हात बांधलेले. रेमिंग्टनने १८६८ मध्ये स्मिथ अँड वेसनला रॉयल्टी देऊन ४,५७४ आर्मी रिव्हॉल्व्हरं ०.४६ रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या) काडतुसासाठी बदलून दिली. काडतूस जाड, म्हणून त्यात घरं पाचच बसली. प्रीचरला सहा लागतात, का ते चौथ्या प्रश्नात येईल.

---

पाटकरी

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

जॉशच्या सांगण्याचा ढाचा बरोबर आहे. वरच्या अंगाला ओढ्याचं पाणी वळवायचं, डोंगराच्या कडेने किंचित उताराचा पाट काढून न्यायचं, उताराच्या माथ्यावर पाइपात सोडायचं, पाइप खाली येईतो टप्प्याटप्प्याने अरुंद होत जातो आणि शेवटी मॉनिटर नावाची तोटी. पण ऐकणाऱ्याचा असा समज होतो की पाइप अरुंद होतो म्हणून दाब वाढतो. तसं नाही. दाब फक्त उंचीवर ठरतो. १०० फूट उभ्या उंचीला चौरस इंचामागे साधारण ४३ पौंड दाब. २०० पौंड हवे असतील तर ४६० फुटांची उभी उंची लागेल, पाइप कितीही निमुळता केलात तरी. उलट, अरुंद पाइपात घर्षणाने दाब थोडा कमीच होतो.

मग तो निमुळता का करतात? वरच्या भागात दाब नसतो, तिथे पातळ पत्र्याचा रुंद पाइप चालतो आणि घर्षण वाचतं. खाली दाब वाढतो, आणि त्याच जाडीच्या पत्र्याचा पाइप जितका अरुंद तितका फुटायचा धोका कमी. म्हणजे हे पत्रा वाचवण्याचं गणित आहे. वेग मिळतो तो अगदी शेवटच्या तोटीत, दाबाचं रूपांतर वेगात होतं तिथे.

आकडे करून बघा. ४०० फूट उंची असेल तर घर्षण सोडून पाण्याचा वेग सेकंदाला १६० फूट, म्हणजे ताशी पावणेदोनशे किलोमीटर. तोटीचं तोंड ६ इंचांचं धरलं तर सेकंदाला ८९० लिटर पाणी बाहेर पडतं. या झोताचा मागे बसणारा धक्का चार टनांवर जातो. चित्रपटात तोफ सहज वळवतात, ते खोटं वाटतं, पण यात चित्रपटाची चूक नाही. खऱ्या मॉनिटरला मागच्या अंगाला दगडांनी भरलेली पेटी असे, तोल साधण्यासाठी. बूड ओंडक्यांना जखडलेलं असे. नंतरच्या मॉनिटरना तोंडाशी एक छोटा वळता तुकडा बसवू लागले: तो थोडा वळवला की झोताचाच जोर तोफेला त्या बाजूला फिरवतो. एक माणूस काठीने चालवू शके. बिघाड व्हायचा तो बहुधा असा: पाइपात हवा अडकली की झोत तुटक येतो आणि मॉनिटर उसळ्या मारतो. किंवा खालची झडप झटक्यात बंद केली की पाण्याचा आघात पाइप फाडतो. म्हणून झडप नेहमी सावकाश.

फुटलेला डोंगर पुढे लाकडी पन्हळीत जातो. बारा फुटांच्या एका पेटीला सहा इंच उतार हे नेहमीचं माप. उतार कमी झाला तर गोटे साचतात, जास्त झाला तर बारीक सोनंही वाहून जातं. तळाशी आडव्या पट्ट्या, त्यांच्यामागे पारा ओतलेला, पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. एका हंगामात त्यातला १० ते ३० टक्के पारा नदीत जायचा. हा पारा चित्रपटात नाही.

घाईचं कारण संवादातच आहे. लाहूड म्हणतो की राज्याच्या राजधानीतले, सॅक्रामेंटोचे राजकारणी या खाणकामावर बंदी आणायला निघालेत. कॅलिफोर्नियात हे तंत्र १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसनने सुरू केलं. तीस वर्षांत डोंगरांचा एवढा गाळ खाली आला की यूबा नदीचं पात्र भरून वर आलं, मेरीजव्हिल गावाला बांधांच्या आत कोंडून राहावं लागलं आणि पूर शेतांवर गाळ टाकून जाऊ लागला. प्रत्यक्षात लगाम घातला तो राजकारण्यांनी नाही, न्यायालयाने. मेरीजव्हिलचे जमीनमालक एडवर्ड्स वुडरफ यांनी नॉर्थ ब्लूमफिल्ड कंपनीविरुद्ध दावा लावला आणि ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला: गाळ नद्यांमध्ये सोडायचा नाही. नीट लक्ष द्या, पाण्याने खाणकाम करायला बंदी नाही, गाळ सोडायला बंदी. पण गाळ अडवणं इतकं महाग की धंदा जवळजवळ बसलाच. ज्यांच्या शेतात गाळ गेला ते शेतकरी चित्रपटात कुठेच नाहीत, हे माझं जुनं गाऱ्हाणं. लाहूडचा खरा शत्रू खालच्या खोऱ्यात बसलेला होता, कॅन्यनमध्ये नाही.

---

मुक्काम_पोस्ट

पाटकरी, भन्नाट. म्हणजे 'लाहूडला एक-दोन हंगाम उरलेत' असं सांगितलं तर चालेल? आणि ओढा अडवून तो कॅन्यनमधलं पाणी तोडतो, ते कायद्याने चालत होतं का?

---

परातवाला

'एक-दोन हंगाम' म्हणू नका, चित्रपट साल सांगत नाही. 'बंदीची चाहूल लागलेला माणूस' म्हणा.

तिसरा प्रश्न आणि हा नवा, दोन्ही एकाच गाठीत आहेत. सरकारी जमिनीवरच्या खाणींसाठी १८७२ चा खाण कायदा होता. नदीगाळातल्या सोन्यासाठी एका माणसाला २० एकरांपर्यंत क्लेम धरता येई, आणि तो टिकवायला दरवर्षी १०० डॉलरचं काम करून दाखवावं लागे. काम थांबलं, माणूस निघून गेला, की क्लेम मोकळा. दुसरा कुणीही खुंट्या ठोकू शकतो. सुरुवातीचा हल्ला या चष्म्यातून बघा: तंबू पाडतात, जनावरं मारतात, मेगनचा कुत्रा मारतात, पण सरसकट माणसं कापत नाहीत. लाहूडला प्रेतं नको आहेत, रिकामे क्लेम हवे आहेत. प्रेतं पडली तर चौकशी होते, वारस उभे राहतात. लोक आपणहून गेले तर कागदावर काहीच घडलेलं नसतं.

म्हणूनच १,००० डॉलर. तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता आणि तो बदलत नसे. त्या हिशेबाने १,००० डॉलर म्हणजे ४८ औंसांहून थोडं जास्त, दीड किलो सोनं. परात हलवणाऱ्या माणसासाठी ही प्रचंड रक्कम, लाहूडची सुरुवातीची बोली तिच्या पासंगालाही नव्हती. पण मॉनिटरवाल्याला अख्खं कॅन्यन सलग मिळणार असेल तर सौदा स्वस्तच. मधला एक क्लेम जरी कुणी धरून बसला तर पन्हळ कुठून न्यायची आणि गाळ कुठे टाकायचा? अडेल एक माणूस सगळ्यांची किंमत वाढवतो, हे प्रीचरला कळलेलं आहे. बोली वर नेतो तोच, आणि मग निर्णय मात्र खाणकऱ्यांवर सोपवतो. शेकोटीभोवतीचा तो प्रसंग वरवर भाषणबाजीचा वाटतो, पण खाणकऱ्यांपैकी हल बॅरेट जे विचारतो ते हिशेबाचंच आहे: इथे आलो कशासाठी?

पाण्याबद्दल. कॅलिफोर्नियाच्या खाणभागात 'आधी आला त्याचा हक्क आधी' हे तत्त्व १८५५ च्या अर्विन विरुद्ध फिलिप्स खटल्यात सर्वोच्च राज्य न्यायालयाने मान्य केलं होतं. म्हणजे खालच्यांनी आधीपासून ओढा वापरला असेल तर वरून तो तोडणं बेकायदा. न्यायालयात गेले असते तर मनाई मिळाली असती. पण न्यायालय किती दिवसांच्या वाटेवर, वकील कुणाच्या पैशांनी, आणि तोवर खायचं काय? दुबळेपणा म्हणतात तो हाच, हक्क असून पोहोचता न येणं.

आता मला या चित्रपटात सगळ्यात आवडणारी गोष्ट. ओढा अडवणं हा लाहूडचा मूर्खपणा आहे. नदीच्या वाहत्या पात्राखाली, खडकाच्या फटींत सोनं बसतं, कारण ते वाळूपेक्षा कितीतरी जड. पाण्याखाली तिथे हात पोहोचत नाही. म्हणून खाणकरी स्वतः पदरमोड करून लाकडी बांध घालत आणि पात्र कोरडं करत. लाहूडने ते काम फुकटात करून दिलं! स्पायडर कॉनवे या खाणकऱ्याला सोन्याचा मोठा गोळा सापडतो तो याच कोरड्या पात्रात. पाणी नसल्याने बारीक सोनं धुता येत नाही, हे खरं, पण फटी उकरायला पाणी लागत नाही, लोखंडी पहार आणि चमचा पुरतो.

हल ओढ्यातला जो मोठा धोंडा फोडायच्या मागे असतो, त्याचंही तसंच. ओढ्यातल्या धोंड्याच्या आडोशाला पाण्याचा वेग पडतो, जड माल तिथे बसतो. म्हणून हल त्याच्या मागे लागलाय, हट्ट म्हणून नव्हे. मात्र नुसत्या घणाने एवढा धोंडा फोडणं हे पडद्यावरचं काम. खरी रीत म्हणजे रेषेत भोकं पाडून लोखंडी पाचरी आळीपाळीने ठोकत जायचं, किंवा जाळ करून दगड तापवायचा आणि वर थंड पाणी ओतायचं. क्लब, म्हणजे लाहूडचा तो राक्षसी देहाचा माणूस (नट रिचर्ड कील), एका घावात तो फोडतो. बाकी तपशिलाची एवढी चाड असलेल्या चित्रपटात हा एक घाव सरळ परीकथेतला आहे.

---

सहावी_गोळी

चौथा प्रश्न. ईस्टवुड यांनी एका मुलाखतीत प्रीचर सरळसरळ भूत आहे असं सांगितलेलं आहे. पण दिग्दर्शक सांगतो म्हणून मानायचं नसेल तर चित्रपटात काय आहे ते बघू.

भूत असल्याच्या बाजूने: मेगन मेलेल्या कुत्र्याला पुरताना बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणते, मध्येमध्ये देवाला उलट प्रश्न करते आणि एका चमत्काराची मागणी करते. तिच्या प्रार्थनेवर बर्फाळ डोंगरातून उतरणारा स्वार येतो. पुढे ती आईला बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, सहावा अध्याय वाचून दाखवत असते. पांढरा, तांबडा, काळा आणि चौथा फिकट घोडा, त्यावर बसलेल्याचं नाव मृत्यू. ती त्या ओळीवर येते आणि तो खिडकीबाहेर दिसतो. घोडा पांढरा नाही, राखाडी आहे, हे मुद्दाम बघा. मूळ ग्रीक शब्द 'ख्लोरोस' हा फिकट हिरवट, प्रेतकळेचा रंग सांगतो. 'पांढऱ्या घोड्यावरचा तारणहार' असं प्रास्ताविकात म्हणालात तर सगळाच अर्थ उलटेल.

मग प्रीचरच्या पाठीवरचे गोळ्यांचे सहा व्रण, जवळजवळ वर्तुळात. आणि स्टॉकबर्न, लाहूडने बोलावलेला भाडोत्री मार्शल. लाहूड या परक्याचं वर्णन करतो तेव्हा स्टॉकबर्न म्हणतो की असा एक माणूस मी ओळखायचो, पण तो मेला. शेवटी समोरासमोर आल्यावर त्याचा चेहरा जो होतो तो शत्रू दिसलेल्याचा नाही, आपण केलेलं काम पूर्ववत झालेलं बघणाऱ्याचा आहे. प्रीचर त्याच्या छातीवर तेच वर्तुळ काढतो, मग कपाळावर एक. पितळी_टोपी म्हणाले ते इथे: पाच घरांचं सिलिंडर असतं तर हिशेब चुकला असता.

माणूस असल्याच्या बाजूने: तो दारू पितो, जेवतो, घण मारतो, मेगनच्या आईसोबत, सारासोबत, रात्र काढतो. आणि वेल्स फार्गो या पैसे, मौल्यवान वस्तू ठेवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत त्याची पेटी आहे! भुताला लॉकर कशाला?

माझ्या मते लॉकरच निर्णायक आहे, पण भुताच्या बाजूने. तिथे तो धर्मोपदेशकाची पांढरी गळपट्टी काढून ठेवतो आणि रिव्हॉल्व्हर घेतो. दोन आयुष्यं एका पेटीत, एका वेळी एकच बाहेर. धर्मोपदेशक असताना त्याने कुणाला ठार मारलेलं नाही. हिकरीच्या दांड्याने चोपलं आहे, क्लबला घणाने जायबंदी केलं आहे, पण मारलं नाही. पेटी उघडल्यानंतरच मरण सुरू होतं. ते दृश्य कोलंबियात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या काळातल्या खऱ्याखुऱ्या गावात चित्रित झालं आहे. लाहूडचं गाव मात्र आयडाहोत, सॉटूथ डोंगरांच्या भागात उभारलेला सेट. म्हणून दोन्ही गावांचा पोत वेगळा दिसतो.

'शेन' (१९५३) शी तुलना कराच, कारण आराखडा तिथलाच आहे. तिथे झाडाचा बुंधा, इथे धोंडा. तिथे हाक मारणारा मुलगा, इथे मुलगी. पण शेन हा थकलेला, जखमी होणारा माणूस आहे. त्याला तिथे राहायचं असतं आणि राहता येत नाही. प्रीचरला राहायचंच नाही. त्याचं काम स्टॉकबर्नशी आहे, खाणकरी मध्ये आले. बोलताना हे टोचेल असं सांगा: दुबळ्यांचा कैवारी म्हणून आपण ज्याला डोक्यावर घेतो तो कदाचित स्वतःचा हिशेब चुकवायला आलेला आहे.

---

परातवाला

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. स्वतःचाच हिशेब असता तर बोली १,००० वर नेण्याची गरज काय होती? आणि लाहूडला मारतो कोण? हल. प्रीचर त्याला घोडा हुसकावून मागे ठेवून येतो, तरी तो पायी येतो आणि खिडकीतून नेम धरलेल्या लाहूडला टिपतो. कैवाऱ्याने कैवार घेतलेल्याला शेवटचं काम करू दिलं, हे बारीक नाही.

---

सहावी_गोळी

करू दिलं, की त्याला ते अपेक्षितच नव्हतं? घोडा हुसकावतो तो हलने येऊ नये म्हणून. पण मान्य, मी जास्त ताणलं. 'दोन हिशेब एकाच गल्लीत भेटतात' असं म्हणू.

---

मंदवात

पाचवा प्रश्न कुणी घेतला नाही. प्रत खराब नाही. छायाचित्रणकार ब्रूस सर्टीस, अंधारासाठीच ओळखले जाणारे. घरात उजेड खिडकीतून किंवा दिव्यातून जेवढा येईल तेवढाच, चेहऱ्याची एक बाजू काळी, टोपीखाली डोळे नाहीत. प्रीचरचं गूढ निम्मं या उजेडाने केलेलं आहे. मागून भरपूर प्रकाश, पुढून जवळजवळ नाही. बाहेर बर्फाचा लखलखाट आणि लगेच अंधारी खोली, असे कट वारंवार येतात. डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि तेच हवं आहे.

तरी 'अंधारा' आणि 'चिखल' यात फरक आहे. प्रोजेक्टरवर हे तपासा:

ब्राइटनेस वाढवू नका, तो काळ्यालाच राखाडी करतो. आधी हॉल पूर्ण काळा करा. पडद्यावर पडणारा दाराचा उजेड, बाहेरच्या मार्गाची पाटी, लॅपटॉपची स्क्रीन, यांनीच सावल्या मरतात. मग प्लेअर आणि प्रोजेक्टर यांची व्हिडिओ पातळी जुळते का बघा. प्लेअर 'पूर्ण' आणि प्रोजेक्टर 'मर्यादित' असेल तर गडद भाग सपाट काळा होतो, आणि तुमचं वर्णन वाचून मला हाच संशय आहे. दोन्हीकडे एकच ठेवा. आपोआप दिवा मंद करणारी सोय बंद, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. चित्रचौकट २.३९ : १ आहे, वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. पट्ट्या घालवायला झूम केलंत तर दोन्ही कडा कापल्या जातात, आणि स्टॉकबर्न व त्याचे सहा डेप्युटी रस्ताभर पसरून उभे राहतात तेव्हा कडेचे गायब होतात.

तपासायला सुरुवातीचा हल्ला घेऊ नका, तो उजेडात आहे. सारा आणि मेगनच्या घरातला बायबल वाचनाचा प्रसंग लावा. खोलीतल्या वस्तूंच्या कडा ओळखू येत असतील आणि कोपरे काळेच राहिले असतील तर बरोबर. कोपऱ्यातलं सगळं दिसत असेल तर पातळी जास्त उचललेली आहे.

चित्रपट ११५ मिनिटांचा आहे. मध्यंतर घ्यायचाच असेल तर कचेरीतल्या पेटीचा प्रसंग संपल्यावर घ्या, आधी नको.

---

मुक्काम_पोस्ट

पातळीचाच घोळ होता. प्लेअर 'पूर्ण', प्रोजेक्टर 'मर्यादित'. जुळवल्यावर मेगनच्या हातातल्या पुस्तकाची कड दिसायला लागली.

एक शेवटचं: सिलिंडर बदलण्याचा प्रसंग थांबवून दाखवला तर अर्धाघोडा यांनी सांगितलेल्या पायऱ्या ओळखता येतील का?

---

अर्धाघोडा

सगळ्या नाही, कटमध्ये काही जातात. थांबवायचंच असेल तर नळीखाली नजर ठेवा. दांडी खाली आलेली दिसली की खीळ सुटलीय हे समजायचं, आणि सिलिंडर उजव्याच अंगाने बाहेर यायला हवं.